आधी एकट्याने लिहा, मग गटात भांडा: दंतविद्यार्थ्यांना निदान शिकवण्याची एक आखणी

ओरल मेडिसिनच्या, म्हणजे तोंडाच्या आजारांचं निदान करणाऱ्या विभागाच्या, ओपीडीत एका खुर्चीभोवती आठ-दहा विद्यार्थी उभे असतात. रुग्णाचं तोंड उघडं, आरसा एकाच्याच हातात. सर विचारतात, "काय वाटतं?" बॅचमधला ठरलेला हुशार आवाज म्हणतो, "इरिव्हर्सिबल पल्पायटिस." म्हणजे दाताच्या आतल्या गाभ्याची, पल्पची, परत बरी न होणारी सूज. बाकीच्या माना हलतात, सगळ्यांच्या जर्नलमध्ये तेच उतरतं, सही होते आणि पुढचा रुग्ण येतो. याला आपण बॅचला शिकवणं म्हणतो. खरं तर निदान एकाने केलं, उरलेल्यांनी ते ऐकलं.

गटाने शिकण्याचे फायदे सगळ्यांना पाठ आहेत. निदानाच्या बाबतीत त्याचा तोटा आधी समजून घ्यावा लागतो. जो पहिला बोलतो, त्याचं निदान गटाचं होऊन बसतं. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये रेषांच्या लांबीसारख्या साध्या गोष्टीतही हे दाखवलं होतं. आजूबाजूचे सगळे चुकीचं उत्तर देत असतील, तर डोळ्यांना धडधडीत दिसणारं नाकारून बरीच माणसं इतरांच्या सुरात सूर मिसळतात. तिथे किमान रेषा समोर होत्या. पल्पमध्ये काय चाललंय ते तर कोणालाच दिसत नाही, त्यामुळे इथे सूर मिसळणं आणखी सोपं. म्हणून पुढची सगळी आखणी एका नियमावर उभी आहे: कोणीही बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं निदान कागदावर लिहायचं, नावासकट. चर्चा त्यानंतर.

हे बीडीएसच्या तिसऱ्या आणि अंतिम वर्षाच्या पोस्टिंगसाठी, म्हणजे एकेका विभागातल्या ठरावीक मुदतीच्या कामासाठी आहे. लेक्चरर आणि पीजी (पदव्युत्तर विद्यार्थी) दोघांनाही डोळ्यासमोर ठेवलं आहे, कारण बॅच बहुतेक वेळा पीजींच्याच अंगावर पडलेली असते. साहित्य फारसं लागत नाही. कोरे कागद, जुन्या एक्स-रे फिल्म किंवा त्यांचे प्रिंट, अ-ब-क-ड लिहिलेले पुठ्ठे आणि एक जाड रजिस्टर एवढ्यावर काम भागतं.

गट पाडताना

एका गटात चार किंवा पाच जण. तिघांचा गट एक जण गैरहजर राहिला की कोलमडतो, आणि सहाव्या माणसापासून मोबाईल बाहेर निघायला लागतात. गट पूर्ण पोस्टिंगभर तोच ठेवावा. पहिल्या काही दिवसांत मुलं एकमेकांशी फार सभ्य वागतात. "तुझं चुकतंय" हे मोकळेपणाने म्हणायला थोडा सहवास लागतो.

हजेरीच्या क्रमाने गट पाडू नका. तसं केलं तर एका गटात चार पाटील येतात, आणि ते पहिल्या वर्षापासून शेजारीशेजारी बसलेले असतात. मागच्या परीक्षेचे गुण, हाताची सफाई आणि रुग्णाशी बोलण्याची भाषा, या तीन गोष्टी बघून मिसळ करावी. ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या मुलांना मराठी येईलच असं नाही, म्हणून प्रत्येक गटात रुग्णाची भाषा सहज बोलणारा एक तरी हवा. मात्र त्याला कायमचा दुभाषी करून ठेवू नये. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यानेही मोडक्यातोडक्या मराठीत विचारायला शिकलं पाहिजे.

प्रत्येक केसला चार कामं वाटायची: विचारणारा, तपासणारा, लिहिणारा आणि हरकत घेणारा. पुढच्या केसला कामं बदलतात. पहिली तीन कोणालाही समजतात; सगळा फरक चौथ्याने पडतो. हरकत घेणाऱ्याचं काम वाद घालणं नाही. त्याच्याकडे एकच ठरलेला प्रश्न असतो: "हे निदान चुकीचं असेल, तर आपल्याला काय सापडायला हवं होतं, आणि ते आपण शोधलं का?" हा प्रश्न विचारून झाल्याशिवाय गटाला उत्तर देता येत नाही. काम ठरवून दिल्यामुळे हरकत घेणं उद्धटपणा वाटत नाही. आपल्याकडे ही सोय आवश्यक आहे, कारण सर समोर उभे असताना तर सोडाच, सीनियर पीजीच्या मताविरुद्धही मुलं सहसा बोलत नाहीत.

प्रश्न विचारायला शिकणं

केस हिस्टरीच्या छापील फॉर्मने एक मोठं नुकसान केलंय. "सवयी" या रकान्यात विद्यार्थी विचारतो, "तंबाखू खाता का?" बाई म्हणतात, "नाही." रकान्यात 'नाही' पडतं. त्या रोज सकाळी मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावतात, पण मिश्री कोणी खात नाही, दात घासायला लावतात. त्यांच्या हिशेबाने उत्तर बरोबरच आहे. विदर्भात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारा माणूस तंबाखू नाकारू शकतो, कारण त्याच्या लेखी तो खर्रा आहे. नुसती सुपारी चघळणाऱ्याला तर आपल्याला काही सवय आहे असं वाटतच नाही, आणि सबम्युकस फायब्रोसिसचं, म्हणजे तोंड उघडणं कमी होत जाणाऱ्या आजाराचं, मूळ तिथेच असतं. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, त्यामुळे खाणारासुद्धा पहिल्या फटक्यात कबूल करत नाही.

म्हणून पोस्टिंगच्या पहिल्याच आठवड्यात गटाला एक काम द्यावं. दुखणं, सूज, व्रण आणि सवयी, या चार विषयांवर रुग्णाला कळतील असे प्रश्न गटाने स्वतः लिहायचे. आधी प्रत्येकाने एकट्याने पाच प्रश्न लिहायचे, मग गटाने त्यातून निवडायचे, मग दुसऱ्या गटातला एक जण रुग्ण होऊन बसतो. त्या 'रुग्णाला' कागदावर एक लपवलेली गोष्ट दिलेली असते आणि नेमकं विचारल्याशिवाय ती सांगायची नाही अशी ताकीद असते. दहा मिनिटांत कळतं की "दुखतं का?" या प्रश्नातून काहीच निघत नाही; "रात्री झोपमोड होते का? गार पाणी प्यायल्यावर कळ किती वेळ राहते? दाढ दाबल्यावर दुखते की दाब सोडल्यावर?" यातून निदान हलतं. दाब सोडताना कळ आली तर तडकलेल्या दाताचा विचार डोक्यात यायला हवा. हे पुस्तकात असतंच. लपवलेली गोष्ट शोधताना ते एकदा स्वतःच्या तोंडून निघालं की मग विसरत नाही.

लिहिणाऱ्याला एक शिस्त लावावी: रुग्णाचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे. ठणका, कळ, चमक, शिवशिव, आग, झोंबणं. या प्रत्येकाची दिशा वेगळी आहे. तोंड धुताना विजेचा झटका बसावा तशी चमक येते आणि काही सेकंदांत जाते असं कोणी सांगत असेल, आणि लिहिणाऱ्याने त्याचं 'सिव्हियर पेन' करून टाकलं, तर ट्रायजेमिनल न्युराल्जिया (चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं) तिथेच हरवला. मग चांगल्या दाढा निघतात आणि दुखणं तसंच राहतं.

केस कशी रचावी

खऱ्या रुग्णावर गटचर्चा करण्याआधी काही केसेस कागदावर व्हायला हव्यात. कागदावरची केस चुकायला परवानगी देते. रचताना एक गोष्ट पाळावी: माहिती एकदम द्यायची नाही, आणि न मागितलेली तर अजिबात द्यायची नाही. शिकवण्यासाठी रचलेली एक केस सविस्तर देतो, म्हणजे ढाचा लक्षात येईल.

पहिला कागद. वय ४५, स्त्री. "उजव्या बाजूला खालच्या दाढा चार दिवस ठणकताहेत. गार पाण्याने वाढतं, रात्री झोप लागत नाही. नेमकी कोणती दाढ ते सांगता येत नाही." एवढंच. इथे प्रत्येक विद्यार्थी तीन मिनिटांत चार ओळी लिहितो: माझं निदान, आणखी दोन शक्यता, माझी खात्री शंभरात किती, आणि कोणती एक तपासणी माझं मत बदलेल. शेवटची ओळ लिहिताना मुलं सर्वात जास्त अडखळतात. ती अजिबात माफ करू नका.

दुसरा टप्पा. गट तपासण्या मागतो, तुम्ही फक्त मागितलेल्याचं उत्तर देता. ४६ मध्ये (खालची उजवी पहिली मोठी दाढ) जुनं अमाल्गम, म्हणजे चांदीसारखं भरण, कडा शाबूत. ४५ ला (तिच्या पुढची उपदाढ) कीड नाही. पर्कशनला, म्हणजे दात ठोकून पाहिल्यावर, दोन्ही दुखत नाहीत. वरची बाजू विचारली, तरच वरचं सांगायचं. बहुतेक गट विचारत नाहीत, कारण बाईंनी "खालच्या" म्हटलेलं असतं.

तिसरा टप्पा. गटाने मागितला म्हणून ४५-४६ चा आयओपीए (मुळांसकट दात दाखवणारा छोटा एक्स-रे) दाखवायचा. ४५ च्या मुळाच्या टोकाशी एक गोलसर काळी सावली. मुळाच्या टोकाशी संसर्ग झाला की अशीच सावली दिसते. इथे खोलीतला आवाज वाढतो. "पेरिएपिकल लिजन!" पुन्हा दोन मिनिटं एकट्याने लिहायचं: निदान बदललं का, खात्री किती झाली? बऱ्याच कागदांवर ४५ चं नाव येतं आणि खात्री चढते. हा या केसचा खरा मुद्दा आहे. पुरावा चुकीच्या दाताचा आहे, तरी आत्मविश्वास वाढतोय, आणि तो कागदावर आकड्यात दिसतोय.

चौथा टप्पा. कोल्ड टेस्ट (दाताला गारवा लावून पाहणं) मागितली तर ४४, ४५, ४६ तिन्ही नॉर्मल. गारवा काढल्यावर कळ लगेच जाते. ४५ चा पल्प जिवंत आहे, मग मुळाशी लिजन कसलं? सावलीच्या पलीकडे लॅमिना ड्युरा, म्हणजे मुळाभोवतीची हाडाची पांढरी रेषा, अखंड दिसतो. ट्यूबचा कोन बदलून काढलेल्या दुसऱ्या फिल्ममध्ये सावली मुळाच्या टोकापासून सरकलेली. ती मेंटल फोरामेन आहे, म्हणजे खालच्या जबड्यातलं मज्जातंतू बाहेर पडण्याचं नैसर्गिक छिद्र. कोन बदलून वस्तूची जागा ओळखण्याची ही युक्ती क्लार्कने १९१० मध्ये मांडली, आणि 'स्लॉब रूल' (आतली वस्तू ट्यूबच्या दिशेने सरकते, बाहेरची उलट) म्हणून सगळे ती व्हायव्हात घडाघडा म्हणून दाखवतात. इथे ती पहिल्यांदा उपयोगाला येते.

मग दुखतंय कुठे? कोणीतरी शेवटी वरची बाजू विचारतो. १७ च्या (वरची उजवी दुसरी मोठी दाढ) मागच्या बाजूला, तिरक्या आलेल्या अक्कलदाढेला लागून, आरसा फिरवल्याशिवाय न दिसणारी खोल कीड. गारवा लावताच तीव्र कळ, अर्ध्या मिनिटाहून जास्त टिकणारी, आणि बाई म्हणतात, "हीच ती." पर्कशनला दुखत नाही. १७, सिम्प्टोमॅटिक इरिव्हर्सिबल पल्पायटिस, मुळाभोवतीची ऊती नॉर्मल. पल्पचं दुखणं वरून खाली किंवा खालून वर जाणवू शकतं, मधली रेषा मात्र सहसा ओलांडत नाही. त्यामुळे दोन्ही जबडे तपासणं ही औपचारिकता नाही.

अशा आठ-दहा केसेस पोस्टिंगला पुरतात. विषय निवडताना दुर्मिळ सिंड्रोमचा मोह आवरा. ओपीडीत रोज येणारं आणि रोज चुकणारं निवडा. सायनसच्या सुजेने दुखणाऱ्या वरच्या दाढा, हिरडीच्या बाजूच्या (पेरिओडॉन्टल) आणि मुळाच्या टोकाच्या (पेरिएपिकल) गळूतला फरक, खरवडून निघणारा आणि न निघणारा पांढरा चट्टा, कारण दूर करूनही दोन आठवड्यांत न भरलेला व्रण.

तासाचं वेळापत्रक

वरची केस सव्वा तासात बसते. सुरुवातीची दहा मिनिटं छोट्या चाचणीला. पाच प्रश्न, आधी प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे, मग तेच पाच प्रश्न गटाने मिळून. ही जोडचाचणी टीम-बेस्ड लर्निंगमधली आहे. लॅरी मायकेलसन यांनी ओक्लाहोमा विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या शेवटी, मोठे वर्ग सांभाळता सांभाळता, ती पद्धत बसवली. शंभर जागांच्या कॉलेजात शिकवणाऱ्याला तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एकट्याचे आणि गटाचे गुण शेजारी लिहिले की गटात बसण्याचा फायदा मुलांना आपोआप दिसतो, त्यावर भाषण करावं लागत नाही.

पुढची पन्नास मिनिटं केसला. प्रत्येक टप्प्यावर आधी एकट्याने लिहिणं, मग गटात बोलणं. गटात बोलताना पहिली फेरी फक्त निष्कर्षांची, म्हणजे काय सापडलं त्याची; निदानाची नावं दुसऱ्या फेरीत. हे पाळायला अवघड जातं, कारण नाव जिभेवर तयार असतं. पण नाव एकदा उच्चारलं की त्यानंतर सापडणारी प्रत्येक गोष्ट त्या नावाच्या बाजूने वाचली जाते.

टप्प्याच्या शेवटी सगळ्या गटांनी एकाच क्षणी पुठ्ठा वर करायचा. अ, ब, क किंवा ड. एकाच क्षणी, हे महत्त्वाचं. एकामागून एक विचारलं तर तिसरा गट दुसऱ्याचं ऐकून उत्तर बदलतो. सगळ्या गटांना केस एकच आणि पर्याय नेमके द्यावेत. "तुमचं मत मांडा" असं मोघम विचारलं तर सगळे गट गोल गोल बोलतात आणि कोणीच चुकत नाही. "आज या बाईंच्या कोणत्या दाताला हात लावाल?" असं विचारा.

शेवटची पंधरा मिनिटं शिक्षकाची. तोवर तुम्ही गप्प राहायचं असतं, आणि या आखणीतला सगळ्यात कठीण भाग तोच आहे. भुवई उंचावली तरी मुलं उत्तर ओळखतात.

फिल्म वाचताना मतदान

रेडिओलॉजीसाठी एक हलकी पद्धत आहे, ती पूर्ण वर्गालाही चालते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती रुजवली. एक फिल्म आणि एक प्रश्न पडद्यावर दाखवा. एक मिनिट शांतता, मग मतदान. निकाल सांगू नका. आता शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवायला सांगा, दोन-तीन मिनिटं, आणि पुन्हा मतदान घ्या. पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के वर्ग बरोबर असेल तर चर्चेचा उपयोग होतो. जवळजवळ सगळेच बरोबर असतील तर पुढे जा. फारच थोडे बरोबर असतील तर थांबून शिकवा, कारण न कळणाऱ्याने न कळणाऱ्याला काय पटवायचं?

बाइटविंगमधली (वरच्या-खालच्या दाढा एकत्र दाखवणारी फिल्म) सर्व्हायकल बर्नआउट, म्हणजे दाताच्या मानेजवळची किडीसारखी फसवी सावली, आणि खरी कीड, वरच्या पुढच्या दातांच्या मुळांजवळची इन्सायझिव्ह फोरामेनची (टाळूतल्या नैसर्गिक छिद्राची) सावली, सायनसच्या तळाशी गेलेली मुळं, या फिल्म अशा मतदानासाठी उत्तम. फिल्मवरचं नाव, ओपीडी नंबर आधी झाका. आणि शिकवायला हवा म्हणून रुग्णाचा जादा एक्स-रे काढू नये, ट्यूबचा कोन बदललेली दुसरी फिल्मसुद्धा नाही. त्यासाठी ॲनाटॉमी विभागातला सुका खालचा जबडा आणावा, मेंटल फोरामेनमध्ये गटापर्चाचा (रूट कॅनालमध्ये भरतात त्या, एक्स-रेत दिसणाऱ्या पदार्थाचा) तुकडा ठेवावा आणि वेगवेगळ्या कोनांतून हव्या तेवढ्या फिल्म घ्याव्यात. त्या गटालाच काढू द्या. सावली का सरकते हे स्वतः ट्यूब सरकवल्याशिवाय कळत नाही.

खुर्चीजवळ जोडीने

खऱ्या रुग्णाजवळ चार-पाच जणांचा गट फार होतो. तिथे जोडी. पहिला रुग्णाशी बोलतो आणि तपासतो, दुसरा तेवढंच पुन्हा स्वतंत्रपणे करतो, आणि दोघं आपापल्या नोंदी न दाखवता लिहितात. मग ताळा.

रुग्णाला आधी सांगा: "हे दोघं शिकणारे आहेत, दोघंही बघतील, त्यामुळे थोडा जास्त वेळ लागेल. चालेल का?" नाही म्हणाला तर नाही. आणि सगळ्याच गोष्टी दोनदा करायच्या नसतात. दुखणारा व्रण दोघांनी दाबायचा नाही. सबम्युकस फायब्रोसिसच्या रुग्णाला पुन्हा पुन्हा तोंड ताणायला लावायचं नाही. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर दोघांनी एकामागून एक व्हर्नियरने मोजावं आणि तिथेच थांबावं. एकाचं २८ मिलिमीटर आणि दुसऱ्याचं ३३ आलं, तर रोग वाढला-घटला म्हणण्याआधी मोजणी सुधारायला हवी. एकाने दाताच्या कडेवरून मोजलं, दुसऱ्याने कोपऱ्यावरून, असं बहुतेक वेळा निघतं. हिरडीच्या पॉकेटची खोली मोजताना दोघांत एका मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त आला तर दोघांनी प्रोबचा कोन आणि दाब एकमेकांना दाखवायचा.

कीड आहे-नाही यासारख्या उत्तरांचा ताळा आकड्यात मांडायचा असेल तर जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला 'कप्पा' (kappa) वापरा, म्हणजे नशिबाने होणारं एकमत वगळून उरलेलं एकमत मोजणारा आकडा. सूत्राला घाबरायचं कारण नाही. समजा दोन विद्यार्थ्यांनी बाइटविंगवरचे ४० पृष्ठभाग वाचले. १० ठिकाणी दोघंही 'कीड' म्हणाले, २२ ठिकाणी दोघंही 'नाही', आणि आठ ठिकाणी मतभेद, दोन्हीकडून चार-चार. एकमत ४० पैकी ३२, म्हणजे ०.८०. दिसायला छान. पण प्रत्येकाने १४ वेळा 'कीड' आणि २६ वेळा 'नाही' म्हटलंय. डोळे मिटून याच प्रमाणात उत्तरं दिली असती तरी ०.५४५ एवढं एकमत आपसूक झालं असतं. ०.८० मधून ०.५४५ वजा करून १ मधून ०.५४५ वजा केलेल्या संख्येने भागा. उत्तर ०.५६. म्हणजे ऐंशी टक्के एकमत वाटलं, त्यात नशिबाचा वाटा बराच होता. त्या आठ पृष्ठभागांवर जोडीने परत बसायचं. एकमत झालेल्या बत्तीसवर नव्हे. शिकण्यासारखं मतभेदात असतं. आणि दोघांचं एकमत म्हणजे दोघं बरोबर असं नाही, म्हणून शेवटी शिक्षकाच्या वाचनाशीही ताळा घ्यावा.

शिक्षकाने काय बोलायचं

खुर्चीजवळ वेळ नसतो, मागे रांग असते. अशा वेळी विद्यार्थ्याने केस कशी सांगावी याचा एक क्रम ठरवून द्यावा. २००३ मध्ये मांडलेली स्नॅप्स नावाची पद्धत इथे चपखल बसते: हिस्टरी आणि निष्कर्ष थोडक्यात सांगायचे, शक्यता दोन-तीनवर आणायच्या, त्यांची एकमेकींशी तुलना करायची, जे अडलंय ते शिक्षकाला विचारायचं, उपचाराची योजना सांगायची, आणि घरी जाऊन वाचायचा एक मुद्दा स्वतः निवडायचा. प्रश्न विद्यार्थी विचारतो आणि शिक्षक उत्तर देतो, हा उलटा क्रम सुरुवातीला दोघांनाही विचित्र वाटतो.

विद्यार्थी गप्पच असेल तर १९९२ मधली एका मिनिटाची पद्धत: त्याला एका निदानाला बांधून घ्या, पुरावा मागा, एक सामान्य नियम सांगा, काय बरोबर केलं ते सांगा, काय चुकलं ते सांगा. "छान" हे बरोबर केल्याचं सांगणं नव्हे. "कोल्ड टेस्ट आधी शेजारच्या चांगल्या दातावर केलीस, त्यामुळे तुलना करता आली" हे झालं सांगणं.

ज्या पद्धती मी जपून वापरतो

जिगसॉ, म्हणजे विषयाचे तुकडे एकेकाला वाटून एकमेकांना शिकवायला लावणं, लोकप्रिय आहे. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ती आणली, वेगवेगळ्या वंशांची मुलं एकत्र शिकावीत म्हणून, आणि त्या कामासाठी ती अप्रतिम आहे. आपण तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांसाठी एकाला ल्युकोप्लाकिया, दुसऱ्याला लायकेन प्लॅनस (पांढरी जाळी उमटवणारा आजार), तिसऱ्याला कॅन्डिडियासिस वाटून देतो. माहिती चांगली वाटली जाते, पण निदान नाही. ज्याला लायकेन प्लॅनस दिला, त्याला पुढच्या प्रत्येक चट्ट्यात जाळी दिसते. वाचन वाटण्यापुरती ठेवावी.

प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंगचं, म्हणजे केसमधून प्रश्न काढून स्वतः उत्तरं शोधत शिकण्याचं, तसं नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ पासून वैद्यकीय शिक्षण त्यावर चाललं, आणि स्वीडनमधल्या माल्मोच्या दंतविद्यालयाने १९९० मध्ये पूर्ण अभ्यासक्रम त्यावर नेला. पद्धत भक्कम आहे. पण दर सात-आठ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि मोकळे तास लागतात. ठरलेल्या केसेसचा कोटा पूर्ण करण्याच्या धावपळीत असलेल्या आपल्या बॅचला महिन्यातून एक केस त्या पद्धतीने देता आली तरी पुरे.

रजिस्टर

निदान शिकण्यातली सगळ्यात मोठी उणीव ही की आपण बरोबर होतो का, हे विद्यार्थ्याला बहुतेक वेळा कधीच कळत नाही. बायोप्सी होते, रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तोवर बॅच ऑर्थोच्या पोस्टिंगला गेलेली असते. रूट कॅनाल सुरू झाल्यावर पल्प चेंबरमध्ये काय दिसलं, ते कॉन्झर्व्हेटिव्हच्या विभागात राहतं.

म्हणून जाड रजिस्टर. प्रत्येक निवडक केसला एक पान: तारीख, ओपीडी नंबर, प्रत्येक विद्यार्थ्याचं स्वतंत्र निदान आणि खात्रीचा आकडा, मग गटाचं निदान. खालचं अर्धं पान रिकामं. रिपोर्ट आला की गटाला बोलवायचं, मग पोस्टिंग कुठलंही असो, आणि दहा मिनिटांत ते अर्धं पान भरायचं. निदान चुकलं असेल तर विचारायचा प्रश्न एकच: हे ओळखायला लागणारी माहिती त्या दिवशी आपल्याजवळ होती का? होती आणि वाचली नाही, की मागितलीच नाही? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला सराव लागतो, दुसऱ्याला तपासणीची यादी. काही पानांवर असंही दिसेल की एकट्याचं निदान बरोबर होतं आणि गटाने ते खोडलं. ती पानं हरकत घेणाऱ्यांना मुद्दाम दाखवा.

रजिस्टर विभागातच राहतं. त्याचे फोटो बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायचे नाहीत. रुग्णाच्या चेहऱ्याचे तर नाहीतच.

गुण

गटाच्या कामाला सगळ्यांना सारखे गुण दिले की एक जण राबतो आणि तिघं टेकतात. पोस्टिंगच्या शेवटची परीक्षा एकट्याचीच असावी. हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ऑस्कीची रचना निदानाला सोयीची आहे: पाच-सहा टेबलं, प्रत्येकी पाच मिनिटं, एका ठिकाणी फिल्म, एका ठिकाणी रुग्ण झालेला इंटर्न, एका ठिकाणी चट्ट्याचा फोटो. गटकामाचे गुण थोडे ठेवावेत, आणि तेही उत्तराला नव्हे. एकट्याने लिहिलेले कागद पूर्ण भरले का, मत बदललं तर कशामुळे हे नोंदवलं का, हरकत घेणाऱ्याने आपलं काम केलं का, एवढं पाहावं. उत्तराला गुण ठेवले की गट पुन्हा हुशार मुलाच्या तोंडाकडे बघायला लागतो.

प्रगती बघायची असेल तर पहिल्या आठवड्याचे आणि शेवटच्या आठवड्याचे एकट्याचे कागद शेजारी ठेवा. बरोबर उत्तरांची संख्या मोजण्याआधी खात्रीचा आकडा बघा. सुरुवातीला चुकीच्या उत्तरांपुढेही ९० लिहिलेलं असतं. शेवटी चुकीच्या उत्तरांपुढे ५० आणि बरोबर उत्तरांपुढे ८५ दिसायला लागलं, तर तो विद्यार्थी कधी थांबायचं आणि कधी सीनियरला बोलवायचं हे शिकतोय.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. केसेस सीनियरकडून ज्युनियरकडे पोचतातच. त्या लपवण्यात शक्ती घालवू नका. वरची ४५ ची केस पुढच्या बॅचला तशीच द्या, पहिला कागद शब्दशः तोच, फक्त फिल्म आणि उत्तरं बदला. ४५ गारव्याला अजिबात प्रतिसाद देत नाही, लॅमिना ड्युरा तुटलेला आहे, कोन बदलला तरी सावली मुळाला चिकटून राहते, आणि सततचा ठणका त्याच दाताच्या मुळाशी आहे; दात ठोकला की बाई दचकतात. गार पाण्याची तक्रार मात्र शेजारच्या ४६ ची, जुन्या अमाल्गमच्या कडेला पडलेल्या फटीमुळे. पाठ करून आलेला गट पहिल्या मिनिटाला "मेंटल फोरामेन, सर" म्हणेल. त्यांना कोल्ड टेस्ट मागायला किती वेळ लागतो, ते घड्याळात बघा.